रिकामा रकाना

मंगळवार, १७ जून. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. जळोची.

हणमंतराव, काल कळंबला तुमचा तेरावा झाला. पाहुणे पांगले, मांडव उतरला आणि मी संध्याकाळच्या एसटीने घरी आलो. तुमच्याविषयी चार शब्द लिहून द्यावेत, असे तुमच्या मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, निघताना सांगितले. तुमचा जन्म, पलटण, निवृत्ती हा मजकूर तो स्वतः देणार आहे. ते बरे झाले. मला तुमच्याशी वेगळे बोलायचे आहे, आणि ते आजच बोलले पाहिजे. कारण आज सायंकाळपर्यंत ऋतुजाला उत्तर द्यायचे आहे.

प्रश्न तुम्हाला ठाऊक आहे. आपली नात सुदानमध्ये, लढाईतून पळून आलेल्या लोकांच्या छावणीत, कॉलऱ्याच्या रुग्णांवर उपचार करते आहे. तिची मुदत संपत आली. तेवीस तारखेला ती पुण्यास उतरू शकते, किंवा आणखी तीन महिने तेथेच राहू शकते. जाताना तिने आपल्या दोघांना शब्द दिला होता: मुदत वाढवण्याची वेळ आली तर दोन्ही आजोबांना विचारीन, आणि दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटले तरी परत येईन. त्या शब्दावरच मी तिला जाऊ दिले. दोघांपैकी एक आजोबा आता नाही. त्याने जाण्यापूर्वी काय म्हटले, हे एकट्या मला ठाऊक आहे.

तुम्ही नाही म्हणालात.

हे कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. नोव्हेंबरात वालचंदनगरला, माझी मुलगी सुलभा हिच्या क्वार्टरमध्ये, आपले भांडण झाले तेव्हा तुम्ही कोणत्या बाजूस होतात हे तिने स्वयंपाकघरातून ऐकले आहे. मी म्हणालो होतो, "तिला पाठवायचे नाही. तेथे युद्ध आहे."

"युद्ध हाय म्हनूनच डाक्टर लागत्यात, तात्या. लगीन असतं तर आचारी धाडला असता."

आत सुलभा हसली. मला त्याचाही राग आला. "दवाखान्यांवर बाँब पडतात. तुम्ही बातम्या पाहत नाही?"

"मी बघून आलोय. बातम्या काय बघू?" मग तुम्ही आवाज खाली आणलात. "गोळीनं मानूस मरतंय, त्याची बातमी येती. पंप बंद पडला, वीज गेली, डाक्टर पळाला, लशीचा फ्रीज गरम झाला, की मग गाव मरतंय. सावकाश मरतंय. त्याची बातमी येत न्हाय."

"म्हणून आपली मुलगी पाठवायची?"

"मग कुनाची धाडायची?"

मी उठून चपला घातल्या. त्यानंतर सहा महिने आपण सणावारी बोललो तेवढेच. व्याह्यांच्या नात्यात मोकळे बोलण्याची रीत नाही. मानपान असतो, आहेर असतो, आणि राग आला तर तो टोपीखाली ठेवून हात जोडण्याची सोय असते. त्या सोयीचा मी पुरेपूर उपयोग केला. आता ते सहा महिने मला परत हवे आहेत. मिळणार नाहीत.

पाण्याचा रंग स्वतः पाहिल्यावाचून तुमचे समाधान होत नसे, हे मला सोयरिकीच्या बैठकीतच कळायला हवे होते. त्या वेळी मी आरोग्य खात्यात पर्यवेक्षक होतो. गावोगावच्या पाणी शुद्धीकरणाच्या वह्या तपासणे हे माझे काम. बैठकीत मुलीचे शिक्षण विचारतात, पत्रिका विचारतात. तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि मला विचारलेत, "तुमच्या गावच्या टाकीत टीसीएल कोन टाकतं?" टीसीएल म्हणजे पाणी निर्जंतुक करण्याची पांढरी पूड. मी म्हणालो, "रोजची नोंद आहे." तुम्ही म्हणालात, "नोंद न्हाय इचारली. कोन टाकतं?" मध्यस्थाने घाईने मुहूर्ताचा विषय काढला म्हणून मी सुटलो.

गाव तुम्हाला मेजर म्हणे. निवृत्त शिपायाला आपल्याकडे मेजरच म्हणतात. तुम्ही हवालदार होतात. पलटणीचे पाणी, संडास, डास आणि माशा हे तुमचे खाते. कळंबला आल्यावर कोणी नेमले नसताना तुम्ही रोज सकाळी गावातल्या शेवटच्या नळावर जाऊन उभे राहत असा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे दोन थेंब टाकायचे. पिवळे झाले तर पाण्यात क्लोरीन आहे. पांढरेच राहिले तर टाकीत पूड पडलेली नाही, आणि मग पाणी सोडणाऱ्याची धडगत नाही. "मेजर, आज रंग कंचा?" असे कोणी ओरडे. "तुज्या दातावानी!" असे तुम्ही उत्तर देत असा. बायका तक्रार करत, "औषधाच्या वासानं च्या नासला वो आमचा." तुम्ही म्हणत असा, "च्या नासला तर दुसरा करा, वैनी. पोट नासलं तर दुसरं कुटनं आनायचं?" आणि तोच पेला त्यांच्यासमोर स्वतः पिऊन दाखवत असा.

सात वर्षांची ऋतुजा सुट्टीत तुमच्याकडे येई. ती नळी आभाळाकडे धरून रंग सांगे आणि तुम्ही तिच्याकडूनच वहीत लिहून घेत असा. "आधी डोळा, मग पेन," हे वाक्य ती तुमच्याकडून शिकली. वैद्यकीय महाविद्यालयात ती काय शिकली ते मला नीटसे ठाऊक नाही. हे वाक्य मात्र ती अजून म्हणते.

सकाळचे आठ. चहा झाला.

माझी भीती तुम्हाला कधी सांगितली नाही. पर्यवेक्षकाने भीती सांगायची नसते, व्याह्याला तर मुळीच नाही. आता ऐका. डिसेंबरात ती गेली, तेव्हापासून मी आंघोळीलाही फोन आत नेतो. रस्त्यावर ट्रॅक्टरचा सायलेन्सर फाडकन वाजला की मी भिंतीला हात लावतो. तिला पाठवलेल्या निरोपावर एकच खूण दिसत राहिली की ती दोन होईपर्यंत मला घास गिळवत नाही. मार्चमध्ये नऊ दिवस ती एकच राहिली. त्या नऊ दिवसांत मी नकाशावर तिची छावणी शोधली, जवळचा रस्ता शोधला, त्या रस्त्याने कोणते सैन्य जाऊ शकते ते शोधले, आणि मग चष्मा काढून ठेवला. दहाव्या दिवशी तिचा निरोप आला: "बरी आहे. डिझेल नव्हते, म्हणून फोन बंद."

डिझेल नव्हते, एवढेच. पण डिझेल नव्हते म्हणजे पंप बंद, हे मला कळते. पंप बंद म्हणजे लोक नदीचे पाणी पिणार. नदीचे पाणी म्हणजे काय, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे: तासाभरात खोल जाणारे डोळे, चिमटीत धरली तरी तशीच उभी राहणारी कातडी, पोटरीला येणारे गोळे. ती सांगते, गोळी लागलेला माणूस आठवड्यातून एखादा येतो, जुलाबाचा तासातासाला. गोवराची मुले येतात, कारण लस टोचणारे लोकच गाव सोडून गेले. एक बसचालक आला होता, मधुमेहाचा रुग्ण. इन्सुलिन मिळत नाही म्हणून दोन महिने तो निम्माच डोस घेत होता, उरलेला त्याच आजाराच्या बायकोसाठी ठेवत होता. तो गेला, पण त्याला युद्धाने मारले असे कोणत्याही कागदावर येणार नाही.

दवाखान्याच्या छपरावर रुग्णालयाची खूण रंगवावी की नाही, यावर त्यांच्यात वाद चालला आहे म्हणे. खूण पाहून वैमानिक वाचवील, की खूण पाहूनच नेम धरील? हा वाद तिने मला हसत सांगितला. मला हसता आले नाही. छपराखाली ती आहे.

तुमच्यापाशी मात्र ती दुसरेच बोलत असे. "आबा, इथल्या बायकाही म्हणतात, औषधाचा वास येतो. मी तुमच्यासारखं त्यांच्यासमोर पिऊन दाखवलं." हे तुम्ही मला अभिमानाने फोनवर सांगितलेत. मी "बरे" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या पाण्याचा पेला माझ्या डोळ्यांपुढून दोन दिवस हलला नाही.

मे महिन्यात आपल्या सीमेवर तोफा धडाडल्या तेव्हा मी कळंबला आलो होतो. चहाच्या टपरीवर मुले फोनमध्ये डोकी घालून बसली होती. एकाने विचारले, "मेजर, तुमी आता तितं असता तर काय केलं असतं?" तुम्ही म्हणालात, "पान्याचा टँकर बघितला असता." सगळी मुले हसली. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा मी पाहिला आणि प्रथमच मला वाटले की या माणसालाही कशाची तरी भीती वाटते आहे. विचारले नाही. आपले मोकळे बोलणे बंद होते.

मग बारामतीचा दवाखाना. त्या दिवशी दुपारी तुमचा मुलगा जेवायला गेला आणि तुमच्यापाशी मी एकटाच बसलो होतो. तुम्ही नाकावरची नळी बाजूला सारलीत.

"तात्या, पोरीची मुदत कवा सपतीय?"

"जूनमध्ये. तुम्ही बोलू नका."

"बोलवून घ्या तिला."

मला वाटले, तुम्ही ग्लानीत आहात. "हणमंतराव, तुम्हीच तर तिला पाठवा म्हणत होतात."

"व्हय, मीच. आता मीच म्हंतोय, बोलवा. मला भ्या वाटतंय."

आणि मग तुम्ही ते सांगितलेत, जे तुमच्या मुलालाही ठाऊक नाही. तुम्ही शांतिसेनेतून आफ्रिकेत गेला होतात, एवढेच आम्हाला माहीत. तेथेही अशीच छावणी होती. पाण्याची टाकी छावणीपासून दूर, उघड्या मैदानापलीकडे. ती तपासून पूड टाकायची आणि वहीत रंग लिहायचा हे काम तुमचे.

"दोन दिस मैदानावर गोळ्या चालल्या. मी खंदकात. वही मांडीवर. पयल्या दिशी लिवलं, पिवळा. दुसऱ्या दिशी लिवलं, पिवळा. टाकीकडं गेलोच न्हाय. सायब सकाळी वही बघायचा, रिकामा रकाना कसा दाखवू?"

"मग?"

"तिसऱ्या दिशी पोरं यायला लागली. आयांच्या खांद्यावर. मान अशी टाकल्याली." तुम्ही हाताने दाखवलेत. "किती गेली त्ये मोजलं न्हाय मी. मोजायला पायजे हुतं."

तुम्ही माझे मनगट धरलेत. त्या अवस्थेत एवढा जोर कोठून आला, ठाऊक नाही.

"मी भ्यालो म्हनून जगलो, तात्या. ती भिनार न्हाय. मीच तिला शिकवलंय. ती वही खोटी लिवनार न्हाय. मैदान वलांडंल. मरंल ती. बोलवा तिला."

मी तुम्हाला दोन चमचे पाणी पाजले. चादर सारखी केली. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता खरे लिहितो. तुमच्या नकाराने मला आनंद झाला होता. तुमच्या उशाशी बसून मला आनंद झाला. डिसेंबरापासून जे मी मागत होतो ते तुम्ही मरता मरता माझ्या हातात ठेवलेत. आज पहाटे उठून मी फोनवर निरोपही लिहिला: "आबांनी नाही म्हटले होते. माझेही नाही. तेवीसला ये." पाठवण्याच्या खुणेवर बोट नेले आणि उचलले.

तिने परवाच कळवले आहे की तिच्यासोबतचा डॉक्टर परतला, एक परिचारिका आजारी आहे, आणि बदली माणूस कधी पोहोचेल ते कोणी सांगू शकत नाही. पावसाळा तोंडावर आहे. ती आली तर त्या टाकीचा रंग कोण पाहणार? कोणीतरी पाहीलच, असे मी स्वतःला सांगितले. आणि सांगताक्षणी ओळखले की हेच वाक्य मी पूर्वी एकदा स्वतःला सांगितले आहे.

दुपारचे बारा वाजून गेले. पुढचे लिहायला वेळ लागला.

तुम्ही तुमचे सांगितलेत, तेव्हा मी माझे सांगायला हवे होते. पाणी पाजून मी विषय संपवला. ते आता सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. एका पावसाळ्यात तेथे गॅस्ट्रोची साथ आली. मी गेलो, पाण्याची वही मागवली. वही पूर्ण भरलेली. रविवारीही पिवळा. पंप जळाला होता आणि टाकीत थेंबभर पाणी नव्हते, त्या दिवशीही पिवळा. महिन्याचे सगळे रकाने एकाच बैठकीत, एकाच शाईने भरलेले. आणि खाली माझी सही. आदल्या आठवड्यात पंख्याखाली बसून, चहा पिता पिता मी ती केली होती. टाकीवर जायला दुपारचे ऊन फार होते. मला वाटले होते, कोणीतरी पाहतच असेल.

त्या साथीत एक बाळंतीण गेली. मी तिच्या घरी गेलो. अंगणातल्या दोरीवर बाळाचे लंगोट वाळत होते. घरच्यांनी मला बसायला पोते टाकले आणि पाणी दिले. मी ते प्यालो नाही.

तुमच्यापुढे मैदान होते, हणमंतराव. गोळ्या होत्या. माझ्यापुढे फक्त ऊन होते. युद्ध नसतानाही गावाचे पाणी बिघडवायला माझ्यासारखा एक माणूस पुरतो. युद्धात तर असा माणूस व्हायला प्रत्येकालाच सबब मिळते. तुम्ही बैठकीत विचारलेत, कोण टाकतं? एकोणतीस वर्षे मी त्या प्रश्नाला तुमचा उद्धटपणा समजलो. तो प्रश्न मला कोणीतरी आधीच विचारायला हवा होता.

तिला नुसता नकार कळवायचा आणि त्याचे कारण झाकायचे, ही माझी आणखी एक सही झाली असती. मी पहाटेचा निरोप पुसला. फोन कर, असे कळवले. मग वाट पाहत बसलो. पाहता पाहता पायांना मुंग्या आल्या तरी उठलो नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"तात्या, लवकर बोला हं. लाइन कधीही जाईल."

"आबांनी नाही म्हटले होते," मी म्हणालो.

"आबांनी? आबा नाही म्हणाले?"

"कारण सांगतो. मध्ये बोलू नको."

मी सांगितले. मैदान, खंदक, वही, दोन दिवस, तिसरा दिवस. काही गाळले नाही. त्यापाठोपाठ माझेही सांगितले. ते एका मिनिटात झाले. पलीकडून जनरेटरचा आवाज येत होता. कोणीतरी तिला तिकडच्या भाषेत हाक मारली. तिने ओ दिली नाही. मला वाटले, लाइन गेली.

"आबा घाबरले होते?" तिने विचारले.

"हो."

"बरं झालं सांगितलंत. मला वाटायचं, घराण्यात मी एकटीच भित्री निघाले." मग ती भरभर बोलू लागली. "तात्या, रोज सकाळी टाकीकडे जायची मला भीती वाटते. मग मी आबांना आठवते आणि जाते. गेल्या गुरुवारी गोळीबार चालू होता ना, तेव्हाही गेले. म्हटलं, आबा असते तर गेले असते."

हणमंतराव, त्या वेळी मी खुर्चीचा हात घट्ट धरला. तुम्हाला ज्याची भीती वाटत होती ते होऊन गेले होते. गेल्या गुरुवारी. तुमच्या पिंडाला कावळा कधी शिवतो म्हणून आम्ही हात जोडून बसलो होतो, त्याच दिवसांत कधीतरी ती ते मैदान ओलांडत होती. तुमच्या नावाने.

"तुझे आबा गेले नव्हते," मी म्हणालो. आवाज चढला असावा.

"आता कळलं ना."

मग तिने एक प्रश्न विचारला. तो तुमच्या बैठकीतल्या प्रश्नासारखाच होता. इतका साधा की मला तो विचारलेला कळेचना.

"पण मग तुम्ही दोघांनी सरळ ‘तपासलं नाही’ असं का नाही लिहिलं?"

"कोठे?"

"वहीत. ‘आज तपासलं नाही. आज हे पाणी तसंच कुणी पिऊ नका.’ एवढं लिहायचं. भोंग्यावर ओरडायचं. तंबूतंबूत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या वाटायच्या. रकाना रिकामा सोडायचा."

"तसे चालत नसे."

"चालत नसे म्हणजे? कुणी फाशी दिली असती?"

"नाही. ताशेरा आला असता."

ती हसली. मग हसणे मध्येच थांबले. "तात्या... नुसत्या ताशेऱ्यासाठी?"

मी हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? भरलेल्या रकान्याबद्दल आमच्याकडे कोणाला कधी कोणी जाब विचारला नाही. रिकाम्याबद्दल विचारत. म्हणून एकाने गोळ्यांखाली खोटे लिहिले आणि दुसऱ्याने पंख्याखाली त्यावर सही केली. जायचे किंवा खोटे लिहायचे, यावाचून तिसरे काही असते हे आपल्या दोघांपैकी एकालाही उभ्या आयुष्यात सुचले नाही. आणि तुम्ही तिला जे शिकवलेत त्यातही ते नव्हते. तिने ते फोनवर, जनरेटरच्या आवाजात, जागच्या जागी शोधले.

"शब्दाप्रमाणे आबांचं नाही आहे," ती म्हणाली. "तुमचं काय ते सांगा. नाही असेल तर मी येते. रागावणार नाही."

मला नाही म्हणायचे होते. ते जिभेवर होते. तुम्ही दिलेले, आयते.

"आबांचा नकार मैदान ओलांडण्याला होता," मी म्हणालो. "राहण्याला नव्हता, असे मी समजतो. गोळीबाराच्या दिवशी टाकीकडे जायचे नाही. रकाना रिकामा सोडायचा. हे कबूल असेल तर माझे हो."

"कबूल."

"तसे नाही. पूर्ण म्हण."

"गोळीबार असेल त्या दिवशी जाणार नाही. वहीत लिहीन, तपासलं नाही."

"रोज संध्याकाळी मला कळवायचे."

"लाइन असेल तर."

"नसेल तर?"

"नसेल तर तुम्हीही रकाना रिकामा ठेवा, तात्या. स्वतःच्या मनानं काहीबाही भरू नका."

याला उत्तर देण्यापूर्वी लाइन गेली.

आता साडेपाच वाजले आहेत. हे धैर्याने केले, असे समजू नका. हे सगळे आता तुमचा मुलगाही वाचील. तुमच्या शेवटच्या शब्दाचा अर्थ मी माझ्या अधिकारात बदलला आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तात्या, मी जायचंच न्हाय म्हनलं हुतं. तुमी वकिली केली." म्हणा. ते भांडण मी मान्य करतो, आणि ते आता मिटणार नाही हेही मान्य करतो. तिला काही झाले तर तुमच्यापुढे उभे राहण्याची माझी तयारी नाही. तरीही उभा राहीन.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. ते सांगायला तुम्हाला तीस वर्षे लागली. पण तुम्ही सांगितलेत. सांगितले नसतेत तर येत्या कोणत्या तरी गुरुवारी ती पुन्हा तुमच्या नावाने निघाली असती. तुम्ही कळंबला इतकी वर्षे शेवटच्या नळावर उभे राहिलात ते कोणासाठी, हे आता मला कळले. मी निवृत्तीनंतर एकदाही कोठे उभा राहिलो नाही. तुमच्यापुढे मी लहान आहे. हे व्याह्याने व्याह्याला सांगायचे नसते. पण आता मानपान पाहणारे कोणी समोर नाही.

भीती कमी झालेली नाही. ती आता तीन महिन्यांची झाली आहे.

सुलभाला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "तात्या, दुपारी जेवलात का?" मी जेवलो नव्हतो. जेवलो म्हणून सांगणार होतो; नाही म्हणालो. तिने पलीकडे नाक पुसले आणि डब्यात काल आणलेली भाकरी आहे ती खा, असे बजावले.

भाकरी खाल्ली. मग बारामतीच्या गाडीवाल्याला फोन केला आणि तेवीस तारखेची पुणे विमानतळाची गाडी नको म्हणून सांगितले.

"का वो तात्या? ताई येनार न्हाईत व्हय?"

"येणार. सप्टेंबरात."

फोन ठेवला आणि चार्जिंगला लावला.